गाडीचा चेंबर: कसा ओळखायचा, कसा तपासायचा, कसा बसवायचा आणि ट्रॅकवर जायचं असेल तर त्यात काय बदलायचं

"चेंबर फुटला" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक गाडीवाल्याने कधी ना कधी ऐकलेलं असतं, पण फुटायच्या आधी तो चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाला लावलेलं ऑइलचं भांडं, इंग्रजीत ऑइल सम्प, नक्की काय काम करत होता असं विचारलं की उत्तर येतं, "ऑइल साठवतो". बरोबर आहे, पण अर्धंच बरोबर आहे. ऑइल कशातही साठवता येतं. चेंबरचं खरं काम असं की गाडी वळतेय, ब्रेक लागतोय, घाट चढतेय, इंजिन सहा हजार आरपीएमवर (मिनिटाला सहा हजार फेरे) ओरडतंय, काहीही चालू असो, ऑइल पंपाच्या नळीचं तोंड ऑइलमध्ये बुडालेलंच राहिलं पाहिजे, आणि ते ऑइल बिनफेसाचं आणि फार न तापलेलं पाहिजे. चेंबरची खोली, आकार, आतले पडदे, जाळीची जागा हे सगळं या एकाच गोष्टीसाठी असतं. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा म्हणजे सोपं जाईल.

आधी ऑइलचा रस्ता, थोडक्यात

चेंबरच्या तळापासून जरासं वर एका नळीचं तोंड असतं, त्याला जाळी लावलेली असते, मेस्त्री लोक तिला स्ट्रेनर म्हणतात. पंप त्या नळीतून ऑइल ओढतो, ते फिल्टरमधून मेन गॅलरीत म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेत जातं, तिथून क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) मेन बेरिंगना, मग क्रँकच्या आतल्या भोकांतून बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे धरतो त्या बेरिंगला, आणि दुसऱ्या वाटेने वर हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला. काम झालं की आपल्या वजनाने खाली गळत परत चेंबरमध्ये. तीन-चार लिटर ऑइल मिनिटाला कित्येक वेळा ही फेरी मारतं, म्हणजे खाली आलेल्या ऑइलला निवांत बसायला काही सेकंदच मिळतात.

बेरिंग आणि क्रँक यांच्यातली फट साधारण ०.०३ ते ०.०६ मिमी. त्या फटीत ऑइलचा थर तयार होतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. पंप फक्त पुरवठा करतो, भार पेलतो तो थर. आता नळीत ऑइलऐवजी हवा गेली तर थर तुटतो, धातू धातूला घासतो, आणि फुल आरपीएमवर बेरिंग जायला काही सेकंद पुरतात. त्यात आधी जातं बिग एंड, कारण ऑइल त्याच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचतं.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. पंप पुढे कितीही जोरात ढकलू शकतो पण मागून ओढायची त्याची ताकद तुटपुंजी असते, कारण नळीत ऑइल वर चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबामुळे आणि तो दाब आहे फक्त १ बारच्या आसपास. म्हणून ओढायच्या बाजूला थोडा जरी अडथळा आला, जाळी तुंबली, तळ जवळ आला, नळीची ओ-रिंग फाटली, तर पंप कितीही भारी असला तरी काही करू शकत नाही.

आपल्या गाडीला कुठला चेंबर आहे ते बघा

गाडीखाली जायच्या आधी, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही डोकं घालायचं नाही, स्टँड लावा नाहीतर गॅरेजच्या रॅम्पवर बघा. आणि जॅक चेंबरखाली तर लावूच नका, मी टायरवाल्यांना हे करताना बघितलंय आणि ओरडलोय.

पत्र्याचा चेंबर असेल तर दगड लागल्यावर पोचतो, म्हणजे पोचा पडून आत दबतो, चटकन फुटत नाही. ओतीव अॅल्युमिनियमचा असेल तर पोचत नाही, सरळ तडकतो, पण तो इंजिनला आणि बऱ्याचदा गिअरबॉक्सलाही बोल्टने धरून ठेवतो त्यामुळे सगळा सांगाडा कडक होतो, आवाज आणि थरथर कमी होते, उष्णताही बरी बाहेर टाकतो. काही इंजिनांत वरचा अर्धा भाग अॅल्युमिनियमचा आणि खालचा वाटीसारखा तुकडा पत्र्याचा असतो, माझ्या मते आपल्या रस्त्यांना हाच सगळ्यात शहाणा प्रकार, लागलं तर स्वस्तातली वाटी बदलायची. नव्या काही गाड्यांत काचतंतू घातलेल्या नायलॉनचे म्हणजे प्लास्टिकचे चेंबरही आलेत, फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये आहे तसे, वजनाला हलके पण ड्रेन नट (ऑइल काढायचा तळाचा नट) पान्याने आवळायची जुनी सवय त्यांच्यावर चालत नाही.

मग इंजिन आडवं आहे की उभं ते बघा. आपल्याकडच्या हॅचबॅक आणि बहुतेक सेडान आडव्या इंजिनाच्या, म्हणजे क्रँक गाडीच्या रुंदीत झोपलेला, त्यामुळे चेंबर लांबट असेल तर त्याची लांबी डावी-उजवीकडे येते आणि ऑइल पळतं ते वळणावर. उभ्या इंजिनाच्या गाडीत, बोलेरो-स्कॉर्पिओ वगैरे, लांबी पुढे-मागे असते, तिथे त्रास ब्रेक आणि पिकअपच्या वेळी. उभ्या इंजिनात चेंबरचा खोल भाग पुढे ठेवायचा की मागे हे बऱ्याचदा इंजिनवाला ठरवत नाही, खालून स्टिअरिंगचा रॅक आणि क्रॉसमेंबर कुठून जातो त्यावर ठरतं.

लेव्हल: फुकटातला आणि सगळ्यात मोठा फरक

गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद, पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली येईल, मग डिपस्टिक पुसून, पूर्ण आत घालून, परत काढून बघा. कंपनीच्या पुस्तकात वेगळं सांगितलं असेल तर ते ऐका. मिन आणि मॅक्सच्या खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपास ऑइल बसतं, आणि छोट्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये एकूण ऑइलच तीन-साडेतीन लिटर असतं, म्हणजे "मिनच्या वर आहे ना, चालतंय की" म्हणणाऱ्या माणसाने जवळजवळ एक तृतीयांश साठा गमावलेला असतो.

जास्त भरणंही तितकंच वाईट. मॅक्सच्या बरंच वर गेलं की क्रँकचे काउंटरवेट (तोल सांभाळणारी वजनं) ऑइलवर आपटायला लागतात, ऑइलचा फेस होतो, फेसातली हवा पंपात जाते, हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे) असतील तर टकटक करायला लागतात, आणि क्रँकला ऑइल घुसळायचं फुकटचं काम लागल्याने पॉवर जाते ती वेगळीच. ऑइल जास्त झालं असेल तर काढा, "जळून जाईल हळूहळू" म्हणून सोडू नका.

वळणावर ऑइल कुठे जातं, कागदावर हिशोब

शहाळ्यात स्ट्रॉ घालून ते तिरकं केलं की अजून अर्धं पाणी असतानाही स्ट्रॉ सूं करून हवा ओढते, बघा, अगदी तेच इथे होतं. गाडी वळताना जितक्या जी ने (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका ओढा) बाहेर ढकलली जाते तितक्या उताराने ऑइलचा पृष्ठभाग कलतो. ०.५ जी ला साधारण २७ अंश, १ जी ला बरोबर ४५ अंश. रोजच्या चालवण्यात ०.२-०.३ जी च्या वर आपण क्वचित जातो, कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला तर ०.८ पर्यंत, आणि चांगल्या टायरवर ट्रॅकवर १ जी.

आता समजा चेंबरचा खोल भाग २४ बाय २४ सेंटिमीटरचा आहे आणि त्यात ६ सेमी ऑइल उभं आहे, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, आणि नळीचं तोंड बरोबर मध्यावर. १ जी च्या लांब वळणावर ऑइल एका बाजूला पाचरीसारखं चढतं, हिशोब केला तर पाचर बाहेरच्या भिंतीपासून १७ सेमी आत येते आणि मध्यावर अजूनही ५ सेमी ऑइल शिल्लक असतं. उत्तम.

आता तेच इंजिन लेव्हल मिनवर असताना चालवा, आणि वरून हाय आरपीएमवर हेडमध्ये, भिंतींवर, गॅलऱ्यांमध्ये अडकलेलं ऑइल वजा करा, चेंबरमध्ये उरलं ३ सेमी. तेच १ जी, पाचर आता १२ सेमीच येते आणि मध्यावर उरतं शून्य. ऑइल अर्धं झालं पण तोंडावरची खोली अर्धी नाही झाली, पाच सेंटिमीटरवरून थेट शून्यावर आली. "एवढंसं तर कमी होतं" म्हणणाऱ्याचं इंजिन का जातं ते यात आलं.

तेवढंच साडेतीन लिटर ४० बाय १४ च्या लांबट चेंबरमध्ये टाका, खोली तीच ६ सेमी, आणि लांबीच्या दिशेने १ जी लावा. मध्यावर दोनच सेंटिमीटर उरतात. आणि नळी मध्यावर नसून एका भिंतीपासून ६ सेमीवर असेल तर पहिल्या चौकोनी चेंबरमध्येही, ऑइल फुल असताना, एका बाजूच्या वळणावर ती कोरडी पडते. म्हणून काही गाड्या ट्रॅकवर फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या वळणावर प्रेशर सोडतात, त्यात जादू काही नाही, नळी कुठे आहे बघा.

घाटाबद्दल लोक उगाच घाबरतात. दहाला एक असा चढ म्हणजे पावणेसहा अंश, हिशोबात फक्त ०.१ जी. आंबा घाट असो की वरंधा, नुसत्या चढाने ऑइल नळी सोडत नाही, लेव्हल नीट असेल तर. घाटात चेंबरचा खरा शत्रू म्हणजे पावसाळ्यात डोंगरावरून घरंगळून रस्त्यावर आलेला दगड.

आतले पडदे: बॅफल आणि विंडेज ट्रे

मघाच्या हिशोबात बाहेरच्या भिंतीवर ऑइल १७ सेमी चढतं, म्हणजे बहुतेक चेंबरांत ते सरळ फिरत्या क्रँकच्या वाटेत जाणार आणि क्रँक ते भिरकावून सगळीकडे उडवणार. ते वर चढू नये म्हणून आडवा पत्रा वेल्ड केलेला असतो तो बॅफल. कंपनीच्या साध्या चेंबरमध्येही छोटा का होईना बॅफल असतो, तो झटक्यापुरता पुरतो, म्हणजे अचानक ब्रेक, पटकन लेन बदल. लांबलचक गोल वळणावर, जिथे चार-पाच सेकंद एकाच बाजूला ताण राहतो, तिथे ऑइलला बॅफलच्या कडेने हळूहळू निसटायला वेळ मिळतो.

विंडेज ट्रे वेगळा. तो क्रँकच्या अगदी खाली असतो, भोकांचा किंवा झडपांसारख्या चिरांचा पत्रा. क्रँक फिरताना आजूबाजूची हवाही सोबत फिरवतो, त्या वाऱ्यात ऑइलचे थेंब अडकून क्रँकभोवतीच गरगरत राहतात, त्यातून फेस होतो आणि क्रँकला ओढा लागतो. ट्रे ते थेंब खाली उतरवून घेतो आणि खालच्या शांत ऑइलला वारा लागू देत नाही. पॉवरचा फायदा मिळतो तो खरा हाय आरपीएमवर आणि मोठ्या इंजिनांत. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत त्यावर पैसे घालू नका, काही कळणारही नाही.

गरमीचंही बघायला हवं. चालत्या गाडीत चेंबरला खालून वारा लागतो आणि तो छोटासा कूलरच असतो. ऑइल ९० ते ११० अंश सेल्सिअसला सुखी असतं. खाली बिनभोकाची जाड स्किड प्लेट, म्हणजे दगडांपासून चेंबर वाचवणारी प्लेट, ठोकली की तो वारा बंद, वर चिखल साठतो, आणि गळती असली तरी दिसत नाही. प्लेट लावाच, कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यांवर जायचं असेल तर नक्की लावा, पण भोकांची आणि चेंबरपासून थोडी लांब राहणारी घ्या, चिकटून बसवलेली प्लेट दगड लागला की स्वतःच चेंबरमध्ये घुसते.

चेंबर पोचलाय पण गळत नाही, मग काय?

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त इंजिनं इथे जातात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. प्रत्यक्षात गावातल्या रस्त्यावर काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे, त्यात गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान. खालून "खट्ट" झालं, उतरून बघितलं, गळत नाही, देवाचे आभार मानून निघालो. पण तळ वर आला असेल तर?

नळीचं तोंड आणि चेंबरचा तळ यांच्यात साधारण ६ ते १० मिमी जागा ठेवलेली असते. समजा नळी आतून २० मिमी, तिचं क्षेत्रफळ झालं साधारण ३१४ चौरस मिमी, आणि जाळीचं तोंड ५० मिमी व्यासाचं. तोंडाचा घेर १५७ मिमी, म्हणजे तळापासूनची फट २ मिमीवर आली की ऑइल आत शिरायची जागा नळीइतकीच उरली, त्याहून कमी झाली की घशातच फास. आयडलला काही कळत नाही कारण तेव्हा ऑइल थोडंच लागतं, सकाळी थंड घट्ट ऑइलला किंवा हायवेवर चार हजार आरपीएमला पंप उपाशी राहतो.

अशा एका हॅचबॅकचा चेंबर मी उघडलेला बघितलाय. बाहेरून पोचा तळहाताएवढा, खोली बोटाच्या पेरापेक्षा कमी, थेंबभर गळती नाही. आत बघितलं तर तळाच्या पत्र्यावर जाळीच्या कडेचा गोल चकचकीत ठसा, बांगडी टेकवल्यासारखा, म्हणजे जाळी तळाला टेकून घासत होती. आणि बाजूला ऑइलमध्ये सोनेरी-चंदेरी चमकी, ती बेरिंगची. मालकाची तक्रार एवढीच की "पिकअप घेताना ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो".

त्यामुळे पोचा पडला की बाहेरून त्याची खोली मोजा, सरळपट्टी आडवी धरून. नळीच्या खाली असेल आणि तीन-चार मिमीपेक्षा खोल असेल तर चेंबर उतरवा. बाहेरून वेल्ड करून ओढून काढायचा उद्योग नको, आत काय झालंय ते कळत नाही, आणि नळी वाकली किंवा तिचा जोड हलला असेल तर तिथून हवा ओढते. काही छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजून फिरतो, त्याचे तुकडे झडून जाळी तुंबते, तिथे पोचा नसतानाही हीच लक्षणं दिसतात.

रस्त्यात चेंबर फुटलाच तर इंजिन लगेच बंद. "गॅरेज दोन किलोमीटरवरच आहे" हे वाक्य महाग पडतं, कारण साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह विमा पॉलिसीत दगड लागून फुटलेला चेंबर मिळतो, पण त्यानंतर गाडी चालवून इंजिन धरलं तर ते कॉन्सिक्वेन्शियल डॅमेज, म्हणजे आधीच्या नुकसानीतून पुढे झालेलं नुकसान, म्हणून नाकारतात. एम-सील लावायचं असेल तर आधी ऑइल पूर्ण काढून, जागा पेट्रोलने पुसून, घासून मगच, ओल्या ऑइलवर ते धरत नाही, आणि तो उपाय गाडी टोइंगवर चढेपर्यंतचा समजा. पाण्यातून गाडी गेली असेल आणि डिपस्टिकवर दुधी फेस दिसला तर सेल्फही मारू नका.

उतरवणं आणि परत बसवणं

ऑइल काढा, नट काढताना कोमट असलेलं बरं, उकळतं नको. नटाच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय बघा, काळी मऊ पेस्ट चालते, टोचणारे कण नाही. बऱ्याच गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप किंवा सबफ्रेम आड येते, ती आधी मोकळी करावी लागते. सिलंटवर (पॅकिंगच्या जागी लावायची रबरासारखी पेस्ट) बसवलेला चेंबर बोल्ट काढूनही निघत नाही, तिथे स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, अॅल्युमिनियमच्या तोंडावर चरे पडतात आणि मग ते कायमचं गळतं. पातळ पत्ती हळूहळू फिरवत काढा.

निघाल्यावर जाळी बघा. काळ्या रबरी शेवया दिसल्या तर समजा मागच्या मेस्त्रीने सिलंट ढोसून भरला होता. नळीची ओ-रिंग नवी घाला, तीस-चाळीस रुपयांची वस्तू आहे, तिच्यापायी परत सगळं उघडू नका. पत्र्याच्या चेंबरची कड प्रत्येक बोल्टच्या भोकापाशी वर उचललेली असते, जास्त आवळल्यामुळे, ती सपाट लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने बसवून घ्या. अॅल्युमिनियमची भेग आर्गन वेल्डिंगने होते, पण ऑइल मुरलेल्या ओतीव धातूत वेल्ड सच्छिद्र येतो, म्हणून गरम करून साफ करणारा कारागीर बघा. तपासायला बाहेरून खडू फासा, आत रॉकेल किंवा डिझेल ओतून रात्रभर ठेवा, भेग असेल तर खडूवर ओली रेघ उमटते.

बसवताना दोन्ही तोंडं कोरडी आणि बिनतेलाची. कागदी किंवा रबरी पॅकिंग असेल तर ते, आणि रबरी पॅकिंगवर उगाच सिलंट नको. सिलंटवाला असेल तर तीन-चार मिमी जाडीची एकसलग रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि काही मिनिटांत चेंबर जागेवर. बोल्ट मधून बाहेर, समोरासमोर, दोन टप्प्यांत. एम ६ बोल्टना साधारण ८ ते १२ न्यूटन-मीटर पुरतात, हे हाताला फार कमी वाटतं आणि म्हणूनच लोक दुप्पट आवळून आटे घालवतात. ड्रेन नट बहुतेक गाड्यांत २५ ते ४०, आकडा पुस्तकातून घ्या, वॉशर नवा. आटे गेलेच तर टेफ्लॉन टेप गुंडाळून दिवस ढकलू नका, हेलीकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून घ्या.

सिलंटच्या पाकिटावर जितका वेळ लिहिलाय तितका द्या, मगच ऑइल भरा. पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर प्रेशरचा दिवा काही सेकंदात विझला पाहिजे, पाचेक सेकंदात नाही विझला तर बंद करून कारण शोधा, रेस करून बघू नका.

गेज लावून खात्री

डॅशबोर्डवरचा लाल दिवा भरवशाचा नाही, म्हणजे तो खोटं बोलत नाही पण फार उशिरा बोलतो. त्याचा स्विच बहुधा ०.३ ते ०.५ बारला चालतो, आणि सहा हजारावर इंजिनला हवे असतात चार बारच्या आसपास. तीन बार गायब झाले तरी दिवा गप्प. म्हणून शंका असेल तर प्रेशर स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करा, आणि आयडलला व तीन हजारावर आकडा घ्या. जुना ठोकताळा दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे तीन हजाराला साधारण दोन बार, पण आजकालचे पंप गरजेप्रमाणे प्रेशर कमी-जास्त करतात त्यामुळे शेवटचा शब्द सर्व्हिस मॅन्युअलचा. प्रेशर सगळीकडेच कमी असेल तर पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) किंवा झिजलेली बेरिंग. आयडलला ठीक आणि आरपीएम वाढवल्यावर वाढायचं थांबतं किंवा काटा थरथरतो, तर ओढायच्या बाजूला बघा, जाळी, पोचा, ओ-रिंग, फेस.

ट्रॅकवर न्यायची असेल तर

कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक, तिथे चांगल्या टायरवर मघाचा १ जी चा हिशोब खरा होतो. पहिलं काम, लेव्हल मॅक्सवर आणि प्रत्येक सेशननंतर बघणं. दुसरं, बॅफल. दीड-दोन मिमीचा पत्रा, नळीच्या भोवती चार भिंतींचं घर, प्रत्येक भिंतीत बिजागरीची झडप जी फक्त आतल्या बाजूला उघडते, ऑइल आत येतं पण वळणावर बाहेर पळत नाही. वर झाकण, त्यात नळीपुरतं आणि डिपस्टिकपुरतं भोक, आणि कोपऱ्यांत परतीची भोकं पुरेशी, नाहीतर ऑइल वरच साठून खालचं घर उपाशी. क्रँक हाताने दोनदा पूर्ण फिरवून काही लागत नाही ना बघा. वेल्डिंगचा प्रत्येक छर्रा खरवडून काढा, एक सुटला तरी जाळीत जातो.

मोठा चेंबर बाजूला पंख काढून केलेला चांगला, खाली खोल केलेला आपल्या रस्त्यांवर टिकत नाही. त्यापुढे प्रेशर साठवून ठेवणारं अक्युम्युलेटर, जे दोन-चार सेकंदांची तूट भरून काढतं. पण बॅफल न करता थेट अक्युम्युलेटर घेणारे लोक बघितले की मला कळत नाही काय म्हणावं.

इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी एक खास. फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रेसकारची स्पर्धा) गाडीत तुम्ही बाइकचं इंजिन टाकता, चाकणला बनणारं केटीएम ३९० असो की होंडाचं ६०० सीसी. बाइक वळणावर स्वतः झुकते त्यामुळे ऑइलला सगळा ताण चेंबरच्या तळाकडेच जाणवतो आणि ते जागचं हलत नाही. तेच इंजिन न झुकणाऱ्या गाडीत बसवलं की ऑइल थेट भिंतीवर, आणि कंपनीने त्याचा विचारच केलेला नसतो कारण गरज नव्हती. तिथे बॅफल हा पर्याय नाही, सक्तीच आहे. स्पर्धेच्या तपासणीत टिल्ट टेबलवर गाडी ६० अंशात कलवतात ते १.७ जी च्या बरोबरीचं, पण तिथे इंजिन बंद असतं आणि गळती व चाकं उचलली जातात का एवढंच बघतात, टिल्ट पास झालो म्हणजे नळी बुडालेली राहते असं नाही.

शेवटचा उपाय ड्राय सम्प. चेंबर उथळ ताटलीसारखा, त्यातून वेगळे पंप ऑइल आणि हवा दोन्ही खेचून बाहेरच्या उंच टाकीत नेतात, टाकीत हवा सुटते, आणि तळातून मुख्य पंप निखळ ऑइल घेतो. इंजिन खाली बसवता येतं, क्रँकभोवती ऑइल उरत नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये होता, पोर्श ९११ मध्ये सुरुवातीपासून, कॉर्व्हेट झी-०६ ला २००६ मध्ये आला. पैसे, पाइप आणि गळायच्या जागा सगळंच वाढतं, त्यामुळे स्लिक टायर लावून रेस करत नसाल तर विसरा.

आणि ड्राय सम्पची लेव्हल उभ्या थंड इंजिनात बघायची नसते. जुनी ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ज्यांच्या घरी आहे त्यांना हे माहीत असेल, तिचीही ऑइलची टाकी वेगळी, क्रँककेसच्याच ओतकामात. महिनाभर उभी राहिली की टाकीतलं ऑइल झिरपून क्रँकखाली उतरतं, डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस वरून अर्धा लिटर ओततो, आणि किक मारल्यावर ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणारी नळी) सगळं अंगणात. आधी चालू करून गरम होऊ द्या, टाकीत ऑइल परत येऊ द्या, मग बघा.